तथागतांचे दायाद : महापरिनिब्बानानंतरच्या उत्तराधिकाराच्या प्रश्नाची चिकित्सा

क्रांती घडविणारा पुरुष निघून गेल्यावर त्याच्या जागी कोण बसणार, हा प्रश्न इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. भगवान बुद्धांच्या धम्माच्या उदयास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'क्रांती' हाच शब्द योजिला. त्या क्रांतीच्या प्रणेत्याच्या महापरिनिब्बानानंतर काय घडले, याविषयी आपल्या सभासंमेलनांतून दोन विधाने हटकून ऐकावयास मिळतात. पहिले असे, की तथागतांनी वारस नेमला नाही म्हणूनच पुढे संघात निकायभेद झाले. सबब नेता एकच असावा आणि तो नेमलेलाच असावा. दुसरे याच्या नेमके उलट. तथागतांनी वारस नेमला नाही म्हणूनच बुद्धसंघात नेतृत्वाची स्पर्धा कधी उद्भवली नाही, ती इतर पंथांत उद्भवली.

आमच्या मते ही दोन्ही विधाने पालि वाङ्मयाच्या कसोटीवर टिकत नाहीत. पहिले विधान करणारे तथागतांच्या नकाराचे कारण ध्यानात घेत नाहीत, आणि दुसरे विधान करणारे तिपिटकाने प्रामाणिकपणे नोंदविलेले प्रसंग वाचावयाचे टाळतात. स्पर्धा झाली. ती थोर पुरुषांमध्ये झाली आणि संघाने ती लपविली नाही. प्रस्तुत लेखात त्या नोंदींची चिकित्सा करण्याचा आमचा हेतू आहे. श्रद्धेला धक्का लावणे हा चिकित्सेचा उद्देश नसतो. परंतु ज्या धम्माने चिकित्सेला मान दिला, त्याच्या ग्रंथांपाशी डोळे मिटून बसणे हीदेखील श्रद्धा नव्हे.

नकार आणि त्याचे कारण

उत्तराधिकाराची पहिली उघड मागणी तथागतांच्या हयातीतच झाली. चुल्लवग्गाच्या संघभेदक खंधकात देवदत्ताची हकीकत येते. राजासह मोठी परिषद बसलेली असताना देवदत्त उठतो आणि तथागत आता वृद्ध झाले आहेत, त्यांनी सुखाने राहावे व संघ आपल्या स्वाधीन करावा, असे सुचवितो. तीन वेळा मागणी होते आणि तीन वेळा ती नाकारली जाते. सारिपुत्त-मोग्गल्लानांच्याही हाती आपण संघ देणार नाही, मग तुझ्या हाती कसा देऊ, असा त्या उत्तराचा आशय आहे. देवदत्ताला मिळालेल्या कठोर शब्दांकडेच बहुतेक वाचकांचे लक्ष जाते. आम्हांस त्या उत्तराचा पूर्वार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. नालायकाला संघ न देणे समजण्यासारखे आहे. परंतु सर्वांत लायक असलेल्या दोघांनाही तो द्यावयाचा नाही, याचा अर्थ प्रश्न लायकीचा नव्हताच. संघ ही कोणी कोणाला देण्याघेण्याची वस्तू नव्हे, हे येथे सांगितले गेले आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सुत्तनिपातातील सेलसुत्तात सेल ब्राह्मण तथागतांना विचारतो, की आपण प्रवर्तित केलेले धम्मचक्र आपल्यामागून फिरविणारा आपला सेनापती कोण? उत्तरात सारिपुत्तांचे नाव येते. यावरून सारिपुत्त हे नियोजित वारस होते, असे कोणी म्हणेल. पण चक्र फिरविणे आणि संघाची मालकी धारण करणे यांत अंतर आहे. सारिपुत्तांना 'धम्मसेनापती' म्हटले गेले, 'संघपती' नव्हे. शिवाय सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोघेही तथागतांच्या आधीच निवर्तले. त्यामुळे उपदेशाच्या कार्यात ज्यांच्याकडे सर्वांनी सहज पाहिले असते, अशी दोन माणसे अखेरच्या काळात उरली नव्हती. पुढील घटना समजण्यासाठी ही पोकळी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

महापरिनिब्बानसुत्तात हा प्रश्न पुन्हा येतो, आणि या वेळी तो देवदत्तासारख्या महत्त्वाकांक्षी माणसाकडून येत नाही. वेळुवगामातील वर्षावासात तथागतांना कठीण दुखणे येते. त्यातून ते उठल्यावर आनंद आपल्या मनातील गोष्ट बोलून दाखवितात : संघाविषयी काही सांगितल्याशिवाय भगवान जाणार नाहीत, या विचाराने आपणास थोडा धीर वाटत होता. आनंदांच्या मनात सत्तेची इच्छा नाही. आधार जाण्याची भीती आहे. सामान्य अनुयायी वारस मागतो तो बहुधा याच भीतीपोटी. तथागतांचे उत्तर तीन मुद्द्यांत सांगता येते. आचार्याने मुठीत झाकून ठेवावे असे काहीही आपण मागे ठेवलेले नाही. संघ आपल्यावर अवलंबून आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने संघाविषयी आज्ञा द्यावी. आपणास तसे वाटत नाही. आणि म्हणून प्रत्येकाने स्वतःला व धम्माला आधार करावे.

यांतील पहिला मुद्दा उत्तराधिकाराच्या प्रश्नाचे मूळच छाटून टाकतो. जेथे गुरूने काही गुप्त राखलेले असते, तेथे ते गुपित कोणाच्या कानात सांगितले, यावरून वारस ठरतो. सर्व काही सर्वांसमोर सांगितले असेल, तर 'मला एकट्याला ठाऊक आहे' असे म्हणण्यास कोणालाही जागा उरत नाही. पुढे कुसिनारा येथे, आपल्यामागे धम्म आणि विनय हेच शास्ता होत, असे सांगितले गेले; आणि भोगनगरातील महापदेसांच्या उपदेशात त्याची कसोटीही दिली गेली. एखादे वचन प्रत्यक्ष बुद्धमुखातून ऐकले, संघाकडून ऐकले, अनेक थेरांकडून ऐकले वा एका थेराकडून ऐकले, असे कोणीही सांगितले तरी ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, मग स्वीकारावे किंवा टाकावे. 'मी त्यांच्या सहवासात होतो' हा दावा हेच ज्यांचे भांडवल असते, त्यांचे ते भांडवल या उपदेशाने काढून घेतले.

'दायाद' या शब्दाविषयी

पालि वाङ्मयात वारसाला 'दायाद' आणि वारशाला 'दायज्ज' असे शब्द आहेत. मराठीतही दायाद हा शब्द जुना आहे, आणि तो उच्चारताच भाऊबंदांचे वाटणीचे तंटे मनात येतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. महावग्गात कपिलवत्थूचा प्रसंग आहे. बालक राहुल आईच्या सांगण्यावरून पित्याकडे दायज्ज मागतो, आणि पिता त्याला सारिपुत्तांकडून प्रव्रज्या देववितो. रक्ताच्या एकुलत्या एका वारसाने वारसा मागितला तेव्हा त्याला भिक्षापात्र मिळाले.

मज्झिमनिकायातील धम्मदायादसुत्तात हाच शब्द पुन्हा येतो. तेथे भिक्खूंना आमिसाचे, म्हणजे भौतिक लाभाचे, दायाद न होता धम्माचे दायाद होण्यास सांगितले आहे. या भेदाचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. आमिसाचा वारसा वाटला की कमी होतो, म्हणून त्याचे दायाद एकमेकांचे वैरी होतात. धम्माचा वारसा कितीही जणांनी घेतला तरी घटत नाही. तेव्हा ज्या वारशासाठी भांडण होते तो वारसा कोणत्या प्रकारचा असतो, हे त्या भांडणावरूनच ओळखता येते.

याची साक्ष महापरिनिब्बानसुत्ताच्या शेवटी मिळते. चितेवरचा अग्नी शमतो न शमतो तोच धातूंसाठी आठ दावेदार उभे राहतात : मगधाचा अजातसत्तु, वेसालीचे लिच्छवी, कपिलवत्थूचे शाक्य, अल्लकप्पाचे बुली, रामगामाचे कोलिय, वेठदीपाचा ब्राह्मण, पावेचे मल्ल आणि कुसिनारेचे मल्ल. प्रत्येकाजवळ आपल्या हक्काचे कारण आहे. कोणी क्षत्रिय म्हणून मागतो, कोणी ज्ञाती म्हणून, तर आपल्या गावाच्या क्षेत्रात निब्बान झाले म्हणून कुसिनारेचे मल्ल काहीच देण्यास तयार नाहीत. क्षमेचा उपदेश करणाऱ्याच्या अस्थींवरून संग्राम होणे शोभणारे नाही, असे सांगून दोण ब्राह्मणाने आठ भाग केले व युद्ध टळले. मागाहून आलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांना निखाऱ्यांवर समाधान मानावे लागले. अस्थींचे आठ भाग होऊ शकले. धम्माचे तसे भाग करण्याची मागणी त्या दिवशी कोणी केली नाही.

महाकस्सप आणि आनंद

आता संघाकडे वळू. तथागतांच्या पश्चात दोन पुरुष पुढे दिसतात, आणि त्यांच्या प्रकृती भिन्न आहेत. महाकस्सप हे धुतंगे पाळणारे, अरण्यवासी, कठोर शिस्तीचे थेर. आनंद हे बहुश्रुत, पंचवीस वर्षे तथागतांच्या सेवेत असलेले, लोकांत मिसळणारे, भिक्खुनींविषयी विशेष आस्था बाळगणारे. त्यांच्यातील ताण संयुत्तनिकायाच्या कस्सपसंयुत्तातील दोन लागोपाठच्या सुत्तांत स्पष्ट उमटला आहे.

पहिल्या सुत्तात आनंद आग्रह करून महाकस्सपांना भिक्खुनींच्या निवासात उपदेशासाठी नेतात. उपदेश झाल्यावर थुल्लतिस्सा नावाची भिक्खुनी नापसंती दर्शविते. आनंदांच्या देखत कस्सपांनी धम्म सांगावा, हे सुई विकणाऱ्याने सुई घडविणाऱ्यालाच सुई विकावयास जाण्यासारखे आहे, असे ती म्हणते. महाकस्सप हे ऐकून आनंदांनाच विचारतात, की यांतला विक्रेता मी आणि कारागीर तुम्ही काय? आनंद क्षमा मागतात. पण ती मागताना स्त्रीजातच मूढ, असे बोलून मोकळे होतात. मग महाकस्सप, संघाने तुमची अधिक चौकशी करू नये असे वागा, असा इशारा देतात आणि ध्यानसंपत्तीत तथागतांनी भर संघात आपली तुलना स्वतःशी केली होती, आनंदांची नव्हे, याची आठवण करून देतात.

दुसऱ्या सुत्तात आनंद मोठ्या भिक्खुसमूहासह दक्खिणागिरीत चारिका करून राजगृहास येतात. या चारिकेत त्यांच्या तीस तरुण शिष्यांनी चीवर सोडलेले असते. त्याबद्दल बोल लावताना महाकस्सप त्यांना 'कुमारक', म्हणजे पोरगा, म्हणतात. आपल्या डोक्यावर केस पिकले तरी कस्सपांच्या तोंडून पोरगा हा शब्द काही सुटत नाही, असे आनंद खेदाने म्हणतात. थुल्लनंदा नावाची भिक्खुनी आणखी पुढे जाते. जे पूर्वी अन्य पंथाचे होते त्यांनी आनंदांना असे हिणवावे काय, असा तिचा सवाल आहे. हे ऐकून महाकस्सप आपल्या प्रव्रज्येची कथा सांगतात. बहुपुत्त चैत्यापाशी झालेली पहिली भेट, आपली मऊ संघाटी तथागतांना देणे, त्यांची विरलेली पांसुकूल वस्त्रे स्वतः स्वीकारणे, हे सर्व सांगून ते स्वतःस भगवंतांचा पुत्र आणि धम्मदायाद म्हणवितात.

धम्मदायादसुत्तात सर्व भिक्खूंना उद्देशून आलेला शब्द येथे एका पुरुषाने स्वतःच्या प्रतिष्ठेच्या समर्थनार्थ वापरला आहे. महाकस्सपांची योग्यता फार मोठी होती, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु योग्य माणसालाही आपल्या अधिकाराचा पुरावा म्हणून वस्त्राची गोष्ट सांगावी लागली, यावरून त्या काळी अधिकार निर्विवाद नव्हता हे सिद्ध होते. पुढे उत्तरेकडील परंपरांत महाकस्सपांपासून आचार्यांची मालिका रचली गेली आणि चीवराला उत्तराधिकाराच्या चिन्हाचे रूप आले. मूळ सुत्तात संघाचे नेतृत्व सोपविल्याचा उल्लेख नाही.

राजगृहाची संगीती

चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात पहिल्या संगीतीचा वृत्तान्त आहे. म्हातारपणी प्रव्रजित झालेला सुभद्द, महासमण गेले ते बरे झाले, आता आपल्याला हवे तसे वागता येईल, असे म्हणतो. ते ऐकून महाकस्सप संगायनाचा प्रस्ताव मांडतात. विशेष असे, की सुभद्दाचे उद्गार महापरिनिब्बानसुत्तातही आहेत. पण तेथे संगीतीचा विषयच निघत नाही. याच आधारावर हेर्मान ओल्डेनबर्ग यांनी १८७९ मध्ये विनयपिटकाच्या आपल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत पहिल्या संगीतीच्या ऐतिहासिकतेवर शंका घेतली. उलट लुई फिनो यांनी १९३२ मध्ये हे सुत्त आणि चुल्लवग्गातील संगीतीचा भाग मुळात एकाच सलग कथनाचे असावेत, असे प्रतिपादिले. आम्हांस फिनो यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि संगीतीचा तपशील पुढे वाढविला गेला असे मानले, तरी आमच्या मुद्द्याला बाध येत नाही. संघाने आपल्या आरंभाविषयी कोणती आठवण जपावयाचे ठरविले, हेच येथे पाहावयाचे आहे.

ती आठवण मुळीच गोड नाही. महाकस्सप एक कमी पाचशे अर्हंत निवडतात व आनंदांना वगळतात. भिक्खू मध्ये पडतात आणि आनंद अद्याप शैक्ष असले तरी पक्षपात, द्वेष, मोह वा भय यांना वश होणारे नाहीत, आणि त्यांनी तथागतांपाशी पुष्कळ अध्ययन केले आहे, म्हणून त्यांना घ्यावे, असे सांगतात. संगायन पूर्ण होते. धम्माचा भाग आनंदांच्याच मुखातून येतो. आणि एवढे झाल्यावर त्यांच्यावर पाच दोष ठेवले जातात : क्षुद्र नियम कोणते हे विचारले नाही, वर्षाचीवर शिवताना त्यावर पाय दिला, तथागतांच्या देहाचे वंदन प्रथम स्त्रियांना करू दिले व त्यांच्या अश्रूंनी देह ओला झाला, तथागतांना अधिक काळ राहण्याची विनंती केली नाही, आणि स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी खटपट केली.

या पाचांपैकी दोन दोष सरळ स्त्रियांशी निगडित आहेत. स्त्रियांच्या प्रव्रज्येस अनुज्ञा स्वतः तथागतांनी दिली होती. मग तिच्यासाठी रदबदली करणाऱ्याचा अपराध कोणता? तथागत हयात असताना हा दोष ठेवता आला नसता. शास्ता गेल्यावर त्याने घेतलेल्या धाडसी निर्णयांचा हिशेब त्याच्या जवळच्या माणसाकडून मागितला जातो, हे येथे घडलेले आहे. आनंदांचे उत्तर मात्र मनन करण्यासारखे आहे. प्रत्येक आरोपाचे कारण ते शांतपणे सांगतात, आपणास यात दोष दिसत नाही हेही सांगतात, आणि तरी थेरांवरील श्रद्धेपोटी तो दोष मान्य करतात. त्यांनी आपले मत सोडले नाही व संघही सोडला नाही. त्यांच्यामागे अनुयायी होते. वेगळा गट काढणे त्यांना अशक्य नव्हते.

याच खंधकात पुराण थेरांचा प्रसंग आहे. ते पाचशे भिक्खूंसह दक्खिणागिरीत होते. संगीती आटोपल्यावर ते राजगृहास येतात, तेव्हा थेर त्यांना संगायन मान्य करण्यास सांगतात. थेरांनी संगायन उत्तम केले आहे, परंतु आपण स्वतः भगवंतांच्या सन्मुख जसे ऐकले तसेच धारण करू, असे पुराण उत्तर देतात. वृत्तान्त येथेच थांबतो. त्यांच्यावर दंड नाही, बहिष्कार नाही, त्यांच्या नावे निंदेचा एक शब्द नाही. विजयी पक्षाने लिहिलेल्या इतिहासात असहमताचे म्हणणे असे अबाधित राहणे दुर्मीळ आहे.

पण येथेच आम्हांस संगीतिकारांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. पुराणांच्या असहमतीला जो आदर मिळाला, तो थुल्लतिस्सा आणि थुल्लनंदा यांना का मिळाला नाही? दोन्ही सुत्तांचा शेवट त्या ब्रह्मचर्यापासून च्युत झाल्या, एवढ्या वाक्याने केला आहे. त्यांची भाषा उर्मट होती, हे खरे. कठोर भाषा महाकस्सपांचीही होती. पाचशे अनुयायांसह आलेल्या थेराच्या असहमतीला स्थान आणि भिक्खुनीच्या आक्षेपाला अधोगती, हा भेद धम्माने शिकविलेला नाही. तो संगायन करणाऱ्या पुरुषांचा आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

वस्सकाराचा प्रश्न

मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लानसुत्त हे या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे सुत्त होय. महापरिनिब्बानानंतर फार काळ लोटलेला नाही. पज्जोताच्या भीतीने अजातसत्तु राजगृहाची तटबंदी करीत आहे. मगधाचा महामात्य वस्सकार आनंदांना भेटतो आणि विचारतो : तुमचा आधार म्हणून गोतमांनी कोणास नेमले आहे काय? नाही. मग संघाने कोणास निवडले आहे काय? तेही नाही. मग आधाराविना तुमची एकी कशी? आनंद उत्तरतात, की आम्ही निराधार नाही. धम्म हा आमचा आधार आहे.

हा वस्सकार कोण, हे विसरून चालणार नाही. महापरिनिब्बानसुत्ताच्या आरंभी वज्जींना कसे जिंकावे हे काढून घेण्यासाठी अजातसत्तूने ज्याला पाठविले होते, तोच हा अमात्य. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने जमतात व एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, हे ऐकून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की वज्जी युद्धाने जिंकता येणार नाहीत. फूस लावून आणि आपसांत भेद पाडूनच जिंकता येतील. असा माणूस संघाला विचारतो आहे, तुमचा नेता कोण? एका नेत्याच्या भोवती उभी असलेली संघटना त्या एका नेत्याला वश करून किंवा त्याला प्रतिस्पर्धी उभा करून मोडता येते, हे वस्सकाराला चांगले ठाऊक होते. आनंदांच्या उत्तराने त्याला पकडण्यासाठी कोणाचीही मान मिळाली नाही.

आनंद केवळ 'धम्म' हा शब्द उच्चारून थांबत नाहीत, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. धम्म आधार कसा होतो, याची रीत ते सांगतात. उपोसथाच्या दिवशी एका गावाच्या आश्रयाने राहणारे सर्व भिक्खू एकत्र जमतात, ज्याला पातिमोक्ख येते त्याला ते म्हणावयास सांगतात, आणि कोणाचा दोष निघाला तर नियमाप्रमाणे त्याच्याकडून निवारण करून घेतात. ते करवून घेणारी माणसे नसून धम्म असतो. मग वस्सकार विचारतो, की तुम्ही ज्याचा आदर करता असा कोणी आहे काय? आहे, असे आनंद म्हणतात, आणि प्रसन्नता उपजविणारे दहा गुण सांगतात. म्हणजे नेतृत्व नाकारलेले नाही. ज्याच्या ठायी शील, बहुश्रुतता, संतोष इत्यादी गुण दिसतील त्याला मान आहे. पण तो गुणांना आहे आणि गुण नियमाच्या वर नाहीत. या संपूर्ण संवादात आनंद महाकस्सपांचे नाव घेत नाहीत. आणि आपलेही घेत नाहीत.

थेरवादी विनयपरंपरेनेही पुढे आचार्यांची माला दिली. परिवारात ती उपालीपासून सुरू होऊन दासक, सोणक, सिग्गव, मोग्गलिपुत्त तिस्स अशी येते. शाक्यांकडचे नापित असलेले उपाली हे या मालेतील पहिले नाव आहे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही माला विनयाच्या अध्यापनाची आहे, गादीची नव्हे. शंभर वर्षांनी वेसालीत दहा वस्तूंचा वाद उपस्थित झाला, तेव्हा त्याचा निर्णय कोणा एका आचार्याने दिला नाही. पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार अशा आठ थेरांची समिती निवडून तो केला गेला. राजगृहातील रीत तेथे कामास आली.

निष्कर्ष

मज्झिमनिकायाच्या सामगामसुत्तात, पावा येथे निगंठ नातपुत्त निवर्तल्यावर त्यांच्या अनुयायांत कलह माजल्याची वार्ता चुंद आणतो. हे वर्णन प्रतिस्पर्धी पंथाने केलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जैन परंपरा सुधर्म्याच्या नेतृत्वाखाली संघ चालल्याचे सांगते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तथागतांचे उत्तर. आजीविकेवरून किंवा पातिमोक्खावरून होणारा वाद ते क्षुल्लक मानतात. मार्गावरून वा प्रतिपदेवरून झालेला वाद मात्र बहुजनांच्या अहिताचा ठरेल, असे सांगतात. त्यापुढे वादाची सहा मुळे आणि वाद शमविण्याचे सात उपाय येतात. त्यांत बहुमताचाही समावेश आहे. 'वाद होऊ देऊ नका' एवढेच सांगून ते थांबत नाहीत. वाद होणारच हे गृहीत धरून तो मिटविण्याची व्यवस्था देतात.

बाबासाहेबांनी १९५७ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निगंठांच्या कलहाचा हा प्रसंग उत्तराधिकाऱ्याच्या नियुक्तीच्या शीर्षकाखाली घेतला आहे. वादाचा निकाल हुकूमशहाने लावावयाचा नसतो, हा आशय त्यांनी तेथे ठळक केला. मूळ सुत्तात उत्तराधिकारी नेमण्याची मागणी शब्दशः आलेली नाही. बाबासाहेबांनी सुत्ताच्या गाभ्यातील प्रश्न ओळखून त्याला नाव दिले, असे आम्हांस वाटते. आपल्यामागे काय घडू शकते याचा विचार त्यांच्या मनात नसेल, असे म्हणवत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि काही वर्षांतच त्यात तट पडले. त्यानंतरच्या प्रत्येक फुटीत 'बाबासाहेबांचा खरा वारस कोण' हाच शब्दप्रयोग ऐकू आला आहे.

त्या फुटींचा दोष कोणा व्यक्तीवर ठेवणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. पालि ग्रंथांवरून जे दिसते तेवढेच आम्ही सांगू. महाकस्सपांसारख्या आणि आनंदांसारख्या पुरुषांतही स्पर्धा झाली. तेव्हा आपल्यात ती झाली याची लाज वाटून ती झाकण्याचे कारण नाही. संघ तरला तो त्याची माणसे निर्विकार होती म्हणून नव्हे. त्याच्याजवळ ठरलेल्या दिवशी एकत्र बसण्याची सवय होती, वचन ताडून पाहण्याची कसोटी होती, आरोपाला उत्तर देण्याची संधी होती, आणि असहमत माणसाला दाराबाहेर न काढण्याची सहिष्णुता होती. जेथे ही सहिष्णुता आटली, म्हणजे भिक्खुनींच्या बाबतीत, तेथे संघाची हानीच झाली.

आपल्या किती विहारांत आज ठरलेल्या दिवशी सर्वजण एकत्र बसतात, हिशेब आणि दोष उघडपणे मांडतात, आणि स्त्रियांचा आक्षेप पुरुषांच्या आक्षेपाइतक्याच शांतपणे ऐकून घेतात? वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विहाराने स्वतःपुरते द्यावे. कोणी वस्सकार उद्या दारात येऊन तुमचा नेता कोण असे विचारील, तेव्हा त्याला आनंदांचे उत्तर देता यावे, एवढी तयारी झाली तरी वारसा सांभाळला असे म्हणता येईल.